तीन आठवड्यांत पाच किलो, आणि रात्रभर धडधड

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

«ताई, माझं वय ३४, उंची पाच फूट दोन इंच. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन ७८ किलोवर गेलं आणि दोन वर्षं तिथेच अडलं. थायरॉइडची गोळी चालू आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीने वजन कमी करायच्या हर्बल कॅप्सूल दिल्या. ती स्वतः घेते, विकतेही. डब्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत’ असं लिहिलंय. तीन आठवड्यांत पाच किलो उतरले. भूक लागतच नाही. पण तोंड सारखं कोरडं पडतं, रात्री झोप येत नाही, अंथरुणावर पडलं की छातीत धडधडतं. मैत्रीण म्हणते, शरीरातली घाण बाहेर पडतेय, थांबेल. घरी कुणालाच माहीत नाही. बंद करवत नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागू पडलंय. नैसर्गिक आहे म्हटल्यावर धोका नसावा ना? आणि हे नको असेल, तर चिठ्ठीशिवाय मिळणारं, खरंच काम करणारं दुसरं काही आहे का?»

पत्रात मला ताई म्हटलंस, त्या हक्काने अगं-तुगं करते आणि सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. कॅप्सूल आजच बंद कर. डबा संपेपर्यंत थांबू नकोस, मात्रा निम्मी करूनही बघू नकोस. येत्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखव. त्याआधी छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, एकदम असह्य डोकं दुखलं किंवा चेहऱ्याची, हातापायाची एक बाजू लुळी वाटली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जायचं. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा एकदम कमी झाली, तरीही तसंच. डबा फेकू नकोस, तो आपल्याला लागणार आहे.

आता एवढ्या घाईने का सांगतेय ते नीट समजावते. नुसतं ‘बंद कर’ म्हटलेलं चार दिवसही टिकत नाही, हे मी पाहिलेलं आहे. फार्मसिस्ट म्हणून माझी बरीच वर्षं औषधांच्या काउंटरमागे गेली. वजनाचं काही विचारायचं असलं की लोक आजूबाजूला बघतात, आवाज खाली आणतात आणि बाकीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतात. तुझं पत्र वाचताना तो खाली आणलेला आवाज मला ऐकू आला.

तू तीन गोष्टी एका दमात लिहिल्या आहेस: कोरडं तोंड, उडालेली झोप, धडधड. त्यांच्या जोडीला भूक पार नाहीशी झालेली. या चौघी एकत्र आल्या की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते सिब्युट्रामिनचं. ही वनस्पती नव्हे, कारखान्यात बनलेलं औषध आहे. १९९७ साली अमेरिकेत ते वजन कमी करण्यासाठी मान्य झालं. मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवर ते काम करतं, त्यामुळे लवकर पोट भरल्यासारखं वाटतं. पण तेच नॉरॲड्रेनॅलिन नाडी आणि रक्तदाबही वाढवतं. तोंड कोरडं पडणं, झोप न लागणं, बद्धकोष्ठ हे त्याचे ठरलेले दुष्परिणाम. पुढे सुमारे ९,८०० लोकांवर मोठी चाचणी झाली. हे सगळे आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेले, ५५ वर्षांपुढचे लोक होते. औषध घेणाऱ्यांपैकी ११.४ टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तसाच गंभीर प्रसंग आला. नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. फरक आकड्यात लहान वाटतो, पण वजन कमी करून हृदय वाचवण्यासाठी दिलेलं औषधच हृदयाला इजा करत असेल तर ते कशासाठी घ्यायचं? २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते मागे घेतलं गेलं, इतर अनेक देशांनीही तेच केलं.

पण ते संपलं नाही, फक्त डबा बदलला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ज्या पूरक उत्पादनांमध्ये लपवलेली औषधं सापडल्याचं जाहीर केलं, त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी ७७६ उत्पादनं होती आणि त्यांतली सुमारे ४१ टक्के वजन कमी करण्यासाठीची. या वजनवाल्या उत्पादनांत सगळ्यांत जास्त काय सापडलं असेल? सिब्युट्रामिन, दर शंभरातल्या जवळजवळ ८५ मध्ये. लेबलवर मात्र त्याचा उल्लेख नाही, तिथे पानाफुलांची नावं. काहींत फिनॉल्फ्थॅलिन हे जुनं जुलाबाचं औषधही असतं, जे कर्करोगाच्या शंकेमुळे बाजूला सारलं गेलं आहे. काहींत नैराश्यावरची औषधं असतात. परत मागवलेलं उत्पादन काही महिन्यांनी पुन्हा विकत घेऊन तपासलं, तर अशा २७ पैकी दोन तृतीयांशांत बंदी असलेलं औषध अजूनही होतं.

तुझ्या डब्यात नेमकं काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही. प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, आणि ते विकणारी तुझी मैत्रीणही नाही. तिला फसवायचं आहे असं मला मुळीच वाटत नाही. ती स्वतः तेच गिळते आहे.

एक छोटं गणित माझ्याबरोबर कर. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. पाच किलो चरबी खरोखर जाळायची तर ३८,५०० किलोकॅलरी. २१ दिवसांनी भागलं तर रोज अठराशेच्या वर. तुझ्या वयाच्या, उंचीच्या, बैठं काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा एकूण खर्च जवळपास तेवढाच असतो. म्हणजे हे पाच किलो सगळे चरबीचे असायचे, तर तू तीन आठवडे जवळजवळ निराहार राहायला हवं होतंस. तसं झालेलं नाही. यात बरंचसं पाणी आहे, थोडा स्नायू आहे आणि थोडी चरबी आहे.

हे आत्ताच सांगण्यामागे कारण आहे. बंद केल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काटा एक-दोन किलो वर सरकेल. त्या दिवशी तुला वाटेल, बघ, ते खरंच काम करत होतं. बहुतेक जणी त्याच दिवशी डबा पुन्हा उघडतात. तेव्हा हे लक्षात ठेव की परत आलंय ते पाणी. भूकही परत येईल, कदाचित जोरात येईल. त्यात तुझं काही चुकलं असं नाही. दाबून ठेवलेली भूक मोकळी झाली की असंच होतं. तो पहिला पंधरवडा वजनच करू नकोस, असं मी म्हणेन. काटा कपाटात ठेव.

आता तुझा मुख्य प्रश्न, नैसर्गिक असेल तर धोका नसावा ना. या शब्दाने किती लोक आंधळे झाले आहेत, ते एका घटनेतून सांगते. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या एका स्लिमिंग क्लिनिकमध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत काही चिनी वनौषधी घालायला सुरुवात झाली. गोळ्या घेणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या, आणि धडधाकट. १९९३ मध्ये डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं की या स्त्रियांची मूत्रपिंडं विलक्षण वेगाने निकामी होत आहेत. शोध घेता घेता कारण सापडलं. स्टेफॅनिया या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया नावाची दुसरीच वनस्पती आली होती. चिनी भाषेत दोघींची नावं सारखी आहेत, एक फांगजी आणि दुसरी ग्वांग फांगजी. पोत्यावरचं नाव जवळपास तेच, आत भलतंच मूळ. त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाच्या ऊतींचा घास घेतं. शंभराहून अधिक जणींना इजा झाली. अनेकींना डायलिसिस लागलं, अनेकींना मूत्रपिंड बदलावं लागलं. गोळ्या थांबवूनही नुकसान थांबलं नाही. काही वर्षांनी, पुढचा धोका टाळण्यासाठी ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडं काढून टाकली, त्यांतल्या १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला.

त्या गोळ्यांत एकही कारखान्यातलं रसायन नसतं, तरी त्या आम्लाने तेच केलं असतं. ते आम्ल शंभर टक्के नैसर्गिकच आहे.

एफेड्रा या वनस्पतीचंही तसंच. त्यातलं एफेड्रिन हे झाडातलंच रसायन, ॲड्रेनॅलिनचा भाऊबंद म्हणावं असं. २००३ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा महिन्याला साधारण ०.९ किलो जास्त वजन उतरतं असं दिसलं. म्हणजे थोडं काम ते करत होतं. पण धडधड, मानसिक अस्वस्थता, उलट्या अशा तक्रारींचा धोका दुपटी-तिपटीने वाढत होता. त्याच वर्षी स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सराव करताना उष्माघाताने गेला, आणि त्यात एफेड्राचा हात असल्याचं मृत्युचिकित्सकाने सांगितलं. २००४ मध्ये अमेरिकेने एफेड्रिन असलेली पूरक उत्पादनं बंद केली. त्या जागी कडू संत्र्याचा अर्क आला, ज्यात सिनेफ्रिन असतं, आणि सोबत भरपूर कॅफिन. तुझ्या डब्यावर ‘सिट्रस ऑरँटियम’, ‘ग्वाराना’ किंवा ‘थर्मोजेनिक’ असं काही छापलेलं असेल, तर ते वाचून डॉक्टरांना सांग. धडधडीचं कारण तेही असू शकतं. दोन-तीन उत्तेजकं एकाच कॅप्सूलमध्ये असली की नुसती बेरीज होत नाही, ती एकमेकांना चढवतात.

यकृताचं सांगायचं तर ग्रीन टी. रोज कपभर प्यायला काही हरकत नाही. पण त्याचा घट्ट अर्क कॅप्सूलमध्ये भरला की गोष्ट बदलते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताला त्रास झाल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू लागतात. आणि हे एकट्या ग्रीन टीपुरतं नाही. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जाते. तिथे हर्बल आणि पूरक उत्पादनांमुळे आलेल्यांचा वाटा २००४-०५ च्या सुमाराला ७ टक्के होता, तो काही वर्षांत २० टक्क्यांवर गेला.

मग ज्यांत भेसळ नाही, लेबलवर लिहिलंय तेवढंच आहे, ती उत्पादनं तरी वजन उतरवतात का? गार्सिनिया कंबोजिया या आंबट फळाच्या अर्काचं उदाहरण घे, कारण ते जवळजवळ प्रत्येक डब्यात असतं. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवड्यांची व्यवस्थित चाचणी झाली. निम्म्यांना गार्सिनिया, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि दोघांनाही सारखा, कमी कॅलरीचा आहार. गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं. खोट्या गोळीवाल्यांचं ४.१ किलोने. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नाहीच म्हणायचा, पण माझ्यासाठी त्या चाचणीतला खरा आकडा ४.१ हा आहे. काहीही नसलेली गोळी घेऊनही माणसं चार किलोंनी उतरली, कारण ती आहार सांभाळत होती आणि कुणीतरी नियमित त्यांची चौकशी करत होतं. बाहेर हीच माणसं भेटली असती, तर ‘गोळी लागू पडली’ असंच सांगत आली असती. तुझ्या मैत्रिणीकडे असलेले ‘आधी आणि नंतर’चे फोटो याच नजरेने बघ.

ग्रीन टीच्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा जपानबाहेरच्या सहा अभ्यासांत सरासरी फरक निघाला ०.०४ किलो. म्हणजे ४० ग्रॅम. ग्रीन कॉफीच्या बियांचा गाजावाजा ज्या अभ्यासावर उभा होता, त्यात फक्त १६ माणसं होती आणि २०१४ मध्ये लेखकांनी तो अभ्यास मागे घेतला. पूरक उत्पादनं आणि पर्यायी उपचारांच्या ३१५ चाचण्या अलीकडे एकत्र तपासल्या गेल्या. त्यांतल्या फक्त ५२ भरवशाच्या पद्धतीने केलेल्या होत्या, आणि त्या ५२ पैकी १६ मध्येच खोट्या गोळीपेक्षा खरा फरक दिसला. सारक गोळ्या किंवा सोनामुखीसारखी पानं असलेली मिश्रणं असतील, तर तीही कामाची नाहीत. अन्नातली बहुतेक ऊर्जा लहान आतड्यात शोषली जाते, ही औषधं त्याच्या पुढे मोठ्या आतड्यात काम करतात. जातं ते पाणी आणि पोटॅशियम. पोटॅशियम उतरलं की हृदयाची लय बिघडते.

आता या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघ. जे प्रामाणिक आहे ते काट्यावर फारसं काही करत नाही. आणि जे तीन आठवड्यांत पाच किलो उतरवतं, त्यात लेबलवर नसलेलं काहीतरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ‘पहिल्यांदा काहीतरी लागू पडलंय’ असं तू आनंदाने लिहिलंस, मला त्याच वाक्याची सगळ्यात जास्त भीती वाटली.

लोक मला विचारतात, एवढं असेल तर हे विकायला परवानगी कशी मिळते? पूरक आहार म्हणून विकली जाणारी वस्तू बाजारात आणण्याआधी तिचा उपयोग सिद्ध करावा लागत नाही, अशीच बहुतेक ठिकाणची रीत आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने तसंच ठरवलं. औषधाला आधी चाचण्या द्याव्या लागतात, पूरक उत्पादनाबाबत आधी विक्री होते आणि त्रास झालेल्यांच्या तक्रारी आल्यावर तपास होतो. म्हणून डबा ठेवून घे म्हटलं. त्यावरचा बॅच क्रमांक, उरलेल्या कॅप्सूल आणि कुठून घेतला ती माहिती डॉक्टरांमार्फत औषध नियामकाकडे पोचली, तर तुझ्यामागून येणाऱ्या कुणाची तरी धडधड वाचेल.

तुझ्या थायरॉइडविषयी. थायरॉइड मंद असल्याने वजन वाढतं हे खरं, पण ते साधारणपणे दोन ते पाच किलोंच्या घरात, आणि त्यातही मीठ-पाणी जास्त. गोळीने पातळी ठीक झाली की तेवढं उतरतं. उरलेलं वजन थायरॉइडच्या माथी मारता येत नाही. तसंच ती गोळी मनाने वाढवून वजन उतरवायचा प्रयत्न कधीही करू नकोस. काही जणी करतात, आणि त्यातून हृदयाची लय बिघडते, हाडं विरळ होतात. वजन कमी करायच्या काही उत्पादनांत थायरॉइडचं संप्रेरकही लपवलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे तुझी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी आत्ता नव्याने व्हायलाच हवी. केस-नखांसाठी बायोटिन घेत असशील, तर रक्त देण्याआधी तसं सांग. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. टीएसएचबरोबर नाडी, रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या डॉक्टर बहुधा करतील. नैराश्य किंवा मायग्रेनवर काही औषध चालू असेल तर ते लपवू नकोस. सिब्युट्रामिनबरोबर ती औषधं जीवघेणी ठरू शकतात.

तुझा शेवटचा प्रश्न: चिठ्ठीशिवाय मिळणारं, खरंच काम करणारं काही आहे का? एक आहे, ऑर्लिस्टॅट. अमेरिकेत त्याची ६० मिलिग्रॅमची कॅप्सूल २००७ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, इतर बऱ्याच देशांतही मिळते, काही ठिकाणी मात्र चिठ्ठी लागते. ते मेंदूकडे, हृदयाकडे जातच नाही. आतड्यात चरबी पचवणारं लायपेज नावाचं विकर ते अडवतं, त्यामुळे जेवणातल्या चरबीचा सुमारे चौथा हिस्सा न पचता बाहेर पडतो. १२० मिलिग्रॅमच्या मात्रेत सुमारे तिसरा. फायदा किती? आहार सांभाळून वर्षभर मोठी मात्रा घेतली, तर नुसत्या आहारापेक्षा साधारण अडीच-तीन किलो जास्त. एवढंच. आणि जेवणात तेलतूप जास्त झालं की ती न पचलेली चरबी खालून गळते, कपड्यांना डाग पडतात, एकदम पळावं लागतं. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं त्यामुळे कमी शोषली जातात, म्हणून मल्टीव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्यावं लागतं. थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. गरोदर असताना किंवा पित्त अडण्याचा आजार असताना ते घेता येत नाही. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या फार दुर्मिळ नोंदीही आहेत.

तंतूंची पूड, म्हणजे ग्लुकोमॅनन वगैरे, भरपूर पाण्याबरोबर घेतली तर पोट भरल्यासारखं वाटतं, पण वजनावरचा परिणाम लहान आहे. पाणी कमी पडलं तर ती घशात फुगून अडकते. थायरॉइडच्या गोळीपासून तीही काही तास लांब ठेवावी लागते.

मला विचारशील तर सध्या यातलं काहीच नको. आधी हृदय शांत होऊ दे, रिपोर्ट येऊ देत.

त्यानंतर मात्र वजनाचा विषय सोडू नकोस, उलट तो डॉक्टरांसमोर उघडपणे मांड. ७८ किलोला तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३१ च्या वर होता. वैद्यकीय भाषेत हा लठ्ठपणा आहे. त्यावर उपचार असतात आणि ते मागण्याचा तुला हक्क आहे. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, खोट्या इंजेक्शनवर २.४ टक्के. खऱ्या औषधाचा परिणाम कसा दिसतो ते या आकड्यांत कळतं. त्यालाही आधी मोठी चाचणी द्यावी लागली, आणि त्यालाही मळमळ, उलट्या, पित्ताशयाचे त्रास असे दुष्परिणाम आहेतच. थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचंही दिसलं. ते तुझ्यासाठी योग्य आहे की नाही, हे तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं. कुणी ओळखीतून स्वस्तात इंजेक्शन देतो म्हणालं तर नको म्हण. बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेला २०२४ मध्ये इशारा द्यावा लागला आहे.

औषध न घेता काय होऊ शकतं, तेही ऐक. २००२ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला ध्येय दिलं होतं सात टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाचं. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८ किलोचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. तीन आठवड्यांत कॅप्सूलने उतरवलेस जवळपास तेवढेच, फक्त ते सहा महिन्यांत उतरवायचे. दोन लहान मुलांमागे धावणाऱ्या, झोप अपुरी असलेल्या बाईला ‘चालायला जा’ म्हणणं सोपं असतं, हे मला कळतं. म्हणून घरच्यांना सांगणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटतं. रात्री मुलांकडे दुसऱ्या कुणी बघितलं आणि तुला सलग सहा तास झोप मिळाली, तर भूकही ताळ्यावर येते. आणि मध्यरात्री छातीत कळ आली, तर शेजारी झोपलेल्या माणसाला तू काय घेत होतीस ते ठाऊक असायला हवं.

मैत्रिणीला काय सांगायचं याची धास्ती तुला वाटत असेल. तिच्यावर आरोप नको. तुला काय होतंय ते सांग, तिलाही तसं होतं का विचार, आणि तिचा रक्तदाब मोजायला तिला बरोबर घेऊन जा. ती तुझ्याआधीपासून घेते आहे, त्यामुळे मला तिचीही काळजी आहे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचणार नाहीत असं वाटलं, तर डबा टेबलावर ठेव आणि हे कागदावरून वाचून दाखव: «मी तीन आठवडे या वजन कमी करायच्या कॅप्सूल घेतल्या, अमुक तारखेला बंद केल्या. तोंड कोरडं पडतं, झोप लागत नाही, धडधडतं. थायरॉइडची गोळी इतक्या मिलिग्रॅमची किंवा मायक्रोग्रॅमची चालू आहे. यात सिब्युट्रामिन किंवा दुसरं एखादं उत्तेजक असेल अशी शंका आहे. माझं हृदय, यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासा. आणि ते झाल्यावर मला माझ्या वजनाबद्दलही बोलायचं आहे.»

शेवटचं वाक्य वाचायला विसरू नकोस. रिपोर्ट आले की मला कळव.

तुझी,
ताई